तिला चालत नाही

माझ्या मावशीचे केस तिला न विचारता कापले गेले. तिथूनच सांगायला सुरुवात करते, कारण माझं डोकं तिथेच फिरलं आणि अजून ते पुरतं ठिकाणावर आलेलं नाही.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. तिचं पार्लर होतं. बेकरीला लागून तळमजल्यावर एक खोली, दोन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि केस धुवायचं एक बेसिन. त्याचा नळ कधी नीट बंद व्हायचा नाही. वर तिची राहायची जागा. नवरा बस चालवायचा, तो लवकर गेला. मुलाला तिने या दोन खुर्च्यांच्या जिवावर वाढवलं. दिसायला ती काही अप्सरा नव्हती. नाक मोठं, दात पुढे. पण सकाळी दुकान उघडायच्या आधी तिचा सगळा साज व्हायचा. ओठ लाल, नखं लाल, केस तांबूस आणि खांद्यापर्यंत वळवलेले. कोणी विचारलं तर म्हणायची, "हा माझा खराच रंग आहे गं, फक्त बाटलीत ठेवलाय."

नाताळचा महिना आला की तिच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. बायका बाकड्यावर, जिन्यावर, बेकरीच्या दारातसुद्धा ताटकळत बसायच्या. शेजारच्या भट्टीतून पावाचा वास यायचा, इकडून ड्रायरची गरम हवा, आणि मधे मावशीचं तोंड. ड्रायरपेक्षा मोठ्या आवाजात ती बोलायची. कोणाची सून कशी, कोणाला जावई कसा मिळाला, कोणी चिकन भाजताना करपवलं. दिवाळं निघालेल्या बाईलाही ती हसवून पाठवायची. "घरी काही का असेना, मान ताठ ठेव, मागून छान दिसतेस."

बेसिनखाली, शाम्पूच्या डब्यांच्या शेजारी, तिची मोठी बरणी असायची. त्यात रममध्ये बुडवलेले मनुके, बेदाणे, संत्र्याची साल. बेकरीवाल्याची भट्टी जरा मोकळी झाली की ती तिथे जाऊन केक भाजून आणायची. काळाभोर, जड केक, कापताना सुरीला चिकटणारा. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक तुकडा मिळायचा. कडेचा खरपूस तुकडा मात्र तिचा. नाताळच्या दिवशी चर्चमधून आल्यावर ती जेवायच्या टेबलावर अशी बसायची की वाटावं, हे सगळं तिच्यासाठीच मांडलंय. भाजलेल्या कोंबडीची कुरकुरीत कातडी ती सगळ्यांच्या देखत उचलायची, आणि आम्ही मुलं ओरडलो की म्हणायची, "वर्षभर उभी असते मी. आज बसून खाणार."

हे सगळं सांगितलं, कारण पुढे तिच्याकडून नेमकं हेच काढून घेतलं गेलं.

थंडी सुरू व्हायच्या सुमाराला ती बाथरूममध्ये घसरली. मनगट मोडलं, कंबरेला मार बसला. इस्पितळात तपासण्या झाल्या तेव्हा रक्तात साखर निघाली. दादाने, म्हणजे तिच्या मुलाने, तिला आपल्या घरी नेलं. नेलं ते योग्यच केलं. एकटी बाई, हात प्लास्टरमध्ये, जिना चढायचा. पार्लर तिची जुनी मदतनीस बघू लागली. ती कामाला आली तेव्हा तिच्या केसांना कंगवा माहीत नव्हता, म्हणून मावशीने तिचं नाव झिपरी ठेवलं होतं, आणि आता पोरंबाळं झाली तरी ती झिपरीच राहिली.

एका रविवारी मी दादाकडे गेले. मावशी खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसली होती. मला वाटलं, शेजारचे कोणी आजोबा आलेत. खरंच सांगते, मी "नमस्कार" म्हणणार होते. मग तिने मान वळवली.

डोक्यावर बोटभर पांढरे खुंट. कानाच्या वर तर डोक्याची कातडी दिसत होती.

"मावशी, केस कुठे गेले?"

 उत्तर दिलं ते स्वयंपाकघरातून बाहेर आलेल्या वहिनीने. "अगं, धुवायला किती त्रास व्हायचा! त्यांचा हात तसा, मला ऑफिस. मग खालच्या न्हाव्यालाच वर बोलावलं. आता कसं सुटसुटीत झालं. हो ना, आई?"

मावशीने तोंड परत खिडकीकडे वळवलं.

वहिनी आत गेल्यावर मावशी हळू आवाजात म्हणाली, "मला वाटलं, टोकं कापतोय. मी त्याला म्हटलंसुद्धा, अरे, टोकं फक्त. तो माझ्याकडे बघतच नव्हता. तिच्याकडे बघत होता." मग थोड्या वेळाने, "मी आयुष्यात एकाही बाईच्या केसांना तिला विचारल्याशिवाय कात्री लावलेली नाही. भ्रमिष्ट बाई असली, तरी विचारलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी पाहुणी. चहा प्यायले आणि निघाले.

त्यानंतर मी वारंवार जाऊ लागले, आणि एकेक गोष्ट दिसू लागली. त्या घरात मावशीशी कोणी बोलत नसे, तिच्याबद्दल बोलत. तिच्या समोर, तिच्या डोक्यावरून. "तिने औषध घेतलं का?" "तिला थंडी वाजत असेल." "तिला ते चालत नाही." बँकेतही तेच. मी तिला नवऱ्याच्या पेन्शनसाठी घेऊन गेले, तर खिडकीतला माणूस माझ्याकडे बघून विचारतो, "यांना सही येते का?" जिने उभी हयात पावत्या फाडल्या, भाडेकरार केले, तिला सही येते का! माणूस म्हातारं झालं, की लोकांना ते बहिरं, आंधळं आणि बिनडोक एकदमच झालंय असं का वाटतं, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

आणि जेवण! उकडलेलं गाजर, उकडलेला दुधी, बिनमिठाचं सूप, कोरडी पोळी. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. मावशी दोन घास खाऊन ताट सरकवायची. वहिनी म्हणायची, "बघ, भूकच लागत नाही त्यांना." दादा वर्तमानपत्रामागून म्हणायचा, "डॉक्टरांनी सांगितलंय ना."

डिसेंबर लागला तसा वहिनीने केक करायला घेतला. मावशीचाच केक, मावशीच्याच साच्यात. स्वयंपाकघरातून विचारायची, "आई, साखर जाळायची ती किती काळी?" आणि मावशी बाहेर खुर्चीत बसून सांगायची, "धूर निघाला की पाणी ओत. लांब उभी राहा, उडतं." मी तेव्हा तिथेच होते. पीठ कालवून झाल्यावर वहिनी भांडं घेऊन बाहेर आली, मावशीच्या नाकासमोर धरलं आणि म्हणाली, "वास बरोबर येतोय का बघा."

मावशीने वास घेतला. बोट पुढे केलं. वहिनीने भांडं मागे घेतलं.

"नको हं आई. वास घेतला तर चालतं."

मी वहिनीला दुष्ट म्हणत नाही. ते सोपं होईल, आणि खोटंही. ऑफिसला जाण्याआधी ती दोन वेगळे स्वयंपाक करायची. पहिले काही आठवडे मावशीला अंघोळ घालणं, बेडपॅन काढणं, रात्री उठणं, सगळं तिनेच केलं. पण त्या क्षणी मला ते भांडं तिच्या हातातून ओढून घ्यावंसं वाटलं होतं.

नाताळच्या आदल्या दिवशी प्लास्टर काढायचं होतं. दादाला काम निघालं, म्हणून मी मावशीला इस्पितळात नेलं. डॉक्टर तरुण होते, पण बोलायचे तिच्याशी, माझ्याशी नाही. त्यांनी मनगट फिरवून पाहिलं, रक्ताचा रिपोर्ट पाहिला, म्हणाले, "आजी, साखर छान आटोक्यात आहे. पण वजन का उतरलं एवढं? जेवत नाही का?"

मी म्हटलं, "डॉक्टर, सगळं बंद आहे ना. मीठ, तेल, गोड, भात, मांस."

"बंद? कोणी केलं बंद?"

"तुम्हीच ना?"

ते हसले, मग मावशीचा चेहरा पाहून हसायचे थांबले. "मी 'कमी करा' म्हटलं होतं. गोड रोज नको, मीठ बेताने. तुमच्या मुलाला नीट समजावलं होतं मी. उद्या नाताळ आहे, आजी. केकचा एक तुकडा खा, कोंबडी खा. उपाशी राहू नका, एवढंच माझं म्हणणं."

 व्हरांड्यात आल्यावर मावशीने मोकळा झालेला हात दोनचार वेळा उघडला, मिटला.

"गाडी कुठे लावलीस?"

"फाटकापाशी. घरी जाऊ या ना?"

"घरीच. पण माझ्या."

पार्लरमध्ये त्या सकाळी जत्रा होती. आम्ही दार ढकललं, आणि झिपरीने आधी ओळखलंच नाही. मग तिच्या हातातला कंगवा पडला. ती तोंडावर हात ठेवून रडायला लागली, आणि रडता रडताच चिडली.

"बाई, कोणी केलं हे? न्हावी होता का मेंढरं कातरणारा?"

"रडणं नंतर," मावशी म्हणाली. "माझा नंबर कधी लागेल?"

खुर्चीत एक लठ्ठ बाई बसली होती, डोक्याला रंगाचे चंदेरी कागद गुंडाळलेले. ती त्या कागदांसकट उठली. "या, बसा. माझ्या लग्नात माझे केस तुम्ही केले होते. नवरा टिकला नाही, पण फोटो अजून बघण्यासारखे आहेत." बाकड्यावरच्या सगळ्या हसल्या. कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही.

झिपरीने कोमट पाण्याने तिचं डोकं धुतलं. खुंटांवरून बोटं फिरवत राहिली, गरजेपेक्षा जास्त वेळ. मावशीचे डोळे मिटले होते, आणि कानाच्या कडेने पाणी ओघळत होतं. ते नळाचं की दुसरं, मी पाहिलं नाही.

"लांब नाही करता येणार, बाई."

"लांब कोण मागतंय? शहाणे कर."

झिपरीने रंग कालवला. त्या बोटभर केसांना तिने कडेने आकार दिला, मानेवर साफ केलं, कपाळावर एक झुपका ठेवला. दुसरी मुलगी नखं रंगवत होती. बेकरीवाल्याला कोणीतरी बातमी दिली असणार, तो गरम बन आणि लोणी घेऊन स्वतः आला. मावशीने डोळे उघडले, लोणी लावलेला बन हातात घेतला आणि सावकाश, एकही चुरा न सांडता खाल्ला. महिनाभर मी तिला ताट सरकवताना पाहत होते. भूक लागत नाही म्हणे!

आरशात तिने स्वतःला पाहिलं. तांबूस, आखूड केस, मोठं नाक, लाल ओठ. "बरी दिसते," ती म्हणाली. "थोडी भांडखोर दिसते, पण बरी."

त्या दिवशी ती वर आपल्या खोलीतच राहिली. मीही तिच्या सोबतीला. दादाला फोन करून तिने सांगितलं, "उद्या जेवायला येते." पलीकडून त्याने बरंच काही विचारलं असावं. तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी चर्चमधून आम्ही थेट दादाकडे गेलो. टेबल सुरेख मांडलं होतं. पांढरी चादर, मेणबत्त्या, मधोमध सोनेरी भाजलेली कोंबडी, भोवती बटाटे, आणि बाजूला केक. मावशीचे धाकटे दीर आले होते. ते वर्षातून एकदाच यायचे, जेवायला. वहिनी एप्रनमध्येच होती, केस कसेबसे चापात अडकवलेले. सोफ्यापाशी एक छोटं स्टूल ठेवलं होतं. त्यावर झाकलेलं एक ताट.

मावशी काठी टेकत आत आली, आणि सगळे बघतच राहिले.

"वा, वहिनी! नवरीच दिसताय की," दीर मावशीला म्हणाले.

"पाहुणी दिसत असेन. माझी खुर्ची कुठे आहे?"

दादा पुढे आला. "आई, तू तिकडे सोफ्यावर बस ना. मऊ आहे. पायही वर घेता येतील."

मावशीने ऐकून घेतलं, आणि दादाच्याच खुर्चीत बसली.

 दादाने स्वतःसाठी आतून स्टूल आणलं. जेवण सुरू झालं. कोंबडी फिरू लागली. वहिनीने सोफ्याजवळचं ताट आणून मावशीपुढे ठेवलं आणि झाकण काढलं. गाजर, दुधी. मावशीने गाजराचा एक तुकडा काट्याला टोचला, पाहिला, परत ठेवला. तेवढ्यात दीरांनी केककडे बोट दाखवलं. "सुनबाई, तुमच्या सासूबाईंच्या हातचा का? मोठा तुकडा द्या. त्यांनाही द्या."

"त्यांना नको, काका. त्यांना चालत नाही."

मावशीने काटा खाली ठेवला. "कोणाला?"

"तुम्हाला, आई."

"मग मला सांग. मी इथेच बसले आहे. तुझ्यापासून हातभर अंतरावर."

वहिनीचा चेहरा लाल झाला. दादा घाईने म्हणाला, "आई, आजच्या दिवशी नको ना. तुझ्या भल्यासाठीच चाललंय सगळं. डॉक्टरांनी..."

"डॉक्टरांना मी काल भेटले," मावशी म्हणाली. आवाज चढला नव्हता. ड्रायरवर मात करणारा तिचा तो आवाज आज इतका खाली होता, की मला भीती वाटली. "ते म्हणाले, कमी करा. ते म्हणाले, मुलाला नीट समजावलं होतं. बंद कोणी केलं?"

मला वाटलं होतं, आता वहिनी सापडली. तिच्याकडे पाहण्यासाठी मी तयारच होते. पण वहिनी दादाकडे बघत होती. हातातली वाटी तशीच धरून.

"तुम्ही मला सांगितलंत सगळं बंद आहे," ती म्हणाली. "इस्पितळातून आलात आणि म्हणालात, सगळं बंद. मी तीनतीनदा विचारलं. भाताचं विचारलं, अंड्याचं विचारलं."

दादा बटाट्याकडे बघत होता. "आता काय काय चालतं, काय काय नाही, सगळं कुठे लक्षात ठेवणार? मला वाटलं, सरसकट बंद म्हटलं की कटकट नाही."

कटकट! त्याची आई वाळून काटकुळी झाली, बायको पहाटे उठून दोन चुली सांभाळत राहिली, आणि याला कटकट नको होती. मी बोलणारच होते, पण वहिनीच फुटली.

"कटकट? माझी कंबर मोडली तुमच्या या सरसकटपायी! रोज त्यांचं ताट परत यायचं ते मला खुपत नव्हतं? मला वाटायचं, मलाच जमत नाही. मीच काही चुकतेय."

दीर हसून म्हणाले, "अहो, जाऊ द्या आता, सणासुदीला..."

"भाऊजी, तुम्ही जेवा," मावशी म्हणाली. मग वहिनीकडे वळली. "जेवणाचं तुझ्यावर नाही. पण केस तू कापवलेस."

वहिनीने नाही म्हटलं नाही. "हो. ते मी केलं." आणि थोडं थांबून, "मला वाटलं, केसच तर आहेत."

"मग तुझे कापू का आत्ता? केसच आहेत."

वहिनीचा हात आपोआप चापाकडे गेला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. माफी कोणी मागितली नाही आणि कोणी दिलीही नाही. मी तिथे होते, म्हणून सांगते. नंतर नात्यातल्या बायकांनी गोष्ट फिरवली, म्हणे दोघी गळ्यात पडून रडल्या. काही रडल्या नाहीत.

मावशीने ते ताट उचललं आणि दादापुढे ठेवलं. "हे तू खा. संपव. आणि मग उठून भांडी घास." मग स्वतःच्या हाताने कोंबडीची मांडी घेतली, कातडीसकट. दुसरी मांडी एका ताटात वाढली आणि वहिनीला म्हणाली, "तू सकाळपासून काही खाल्लेलं नाहीस. दिसतंय मला. बस."

"भूक नाही."

"मलाही दोन महिने नव्हती. बस म्हणते ना."

वहिनी बसली नाही. ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून जेवली. पण जेवली. केक मावशीने स्वतः कापला, बेताचाच तुकडा घेतला, चावला, आणि आतल्या दिशेने म्हणाली, "साखर अजून थोडी जळायला हवी होती. पण चांगला झालाय."

 आतून नळाचा आवाज आला. दादा भांडी घासत होता, आणि इतकी वाईट, की नंतर मला परत घासावी लागली.

मावशी त्या संध्याकाळी माझ्याबरोबर निघाली ती परत दादाकडे राहायला गेली नाही. वरच्या खोलीच्या जिन्याला कठडा बसवून घेतला, बाथरूममध्ये रबरी चटई टाकली. सकाळी झिपरी येऊन अंघोळीला मदत करायची, दुपारी मावशी खाली खुर्चीत बसून गिऱ्हाइकांना सल्ले द्यायची, हवे असोत वा नसोत. दादा आठवड्याला भाजी आणून द्यायचा आणि दारातूनच जायचा. वहिनी कित्येक महिने आली नाही. मग एक दिवस भांडंभर सूप घेऊन आली, टेबलावर ठेवलं, म्हणाली, "मीठ घातलंय," आणि निघून गेली. भांडं न्यायला आली तेव्हा मात्र चहा घेऊन गेली. पुढे ती येत राहिली. फार गोडीगुलाबी कधीच झाली नाही दोघींची. एकमेकींशी सरळ बोलायच्या, एवढं खरं.

मावशी त्यानंतर बरीच वर्षं जगली. प्रत्येक नाताळला रंग लावला, केक खाल्ला, आणि औषधंही वेळेवर घेतली, कारण तिला कोणीतरी समजावून सांगितलं होतं. एका हिवाळ्यात छातीत कफ झाला आणि ती गेली.

अंत्यविधीनंतर सगळे दादाच्या घरी जमले होते. दीरही आले होते. चहाचा कप हातात घेऊन ते उसासा टाकत म्हणाले, "बाई जिवाला जपली असती ना, तर अजून चार वर्षं काढली असती. पण जिभेवर ताबा नव्हता."

 पण मला तोंड उघडावं लागलं नाही. वहिनी ट्रे घेऊन उभी होती. तिने तो खाली ठेवला.

"काका," ती म्हणाली, "इतक्या वर्षांत त्यांच्या खोलीचा जिना तुम्ही एकदा तरी चढलात का?"

दीर काहीतरी पुटपुटले, कंबरेचं, गुडघ्यांचं.

"मग त्या काय खात होत्या हे तुम्हाला काय माहीत? दुसरा चहा हवाय का तुम्हाला? नसेल तर कप द्या, धुवायचे आहेत."